फिरोजला द्यायचं की ठेवायचं

सोपान,

निवड झाली. पहिल्या पाळीला आपण कोण घेतला ते लगेच सांगत नाही. नाव ऐकलं की तू मधेच सुरू व्हायचास आणि माझं सांगायचं राहून जायचं. आता तू मधे बोलणार नाहीस हे मला कळतं, पण चोवीस वर्षांची सवय आहे. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्या नावाला काही अर्थ नाही.

आज एकविसावा दिवस. मला घरात एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, ठेवतो. गॅलरीत जातो, परत येतो. तुझी आक्का म्हणाली, "अहो, एक तर बसा, नाहीतर बाहेर तरी जा. तुमच्या चपलांच्या आवाजानं माझं डोकं उठलंय." मी चपला काढून फिरायला लागलो. तेव्हा तिनंच वही आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, त्याला जे बोलायचंय ते लिहा. ती असं का म्हणाली ते पुढं येईल.

आमच्या लग्नात तू एकोणीस वर्षांचा होतास. कानपिळीला माझा कान धरलास तो सोडेचनास. मंडपात सगळे हसत होते. काय पाहिजे विचारलं, तर बाकीचे मेहुणे घड्याळ मागतात, कपडे मागतात. तू म्हणालास, "दाजी, येत्या रविवारी आमची मॅच हाये. बघाया या." मी तोवर हॉकी कधी पाहिली नव्हती. पाटबंधारे खात्यात तलावांच्या पाण्याच्या पातळ्या नोंदवणारा माणूस मी. पण शब्द दिला होता म्हणून गेलो. दहा मिनिटांत कंटाळलो. कंटाळा घालवायला खिशातल्या कागदावर रेघा मारत बसलो, कोण किती वेळा चेंडू घालवतो त्याच्या. मॅच संपल्यावर तू तो कागद पाहिलास. तुझ्या नावापुढं अकरा रेघा होत्या, सगळ्यांत जास्त. मला वाटलं, लग्नाला आठ दिवस नाही झाले आणि मेहुणा रुसला. तू कागदाची घडी करून माझ्या खिशात परत कोंबलीस. "हे पोरांना दावू नका," म्हणालास, आणि पुढच्या रविवारी दोनशे पानी वही घेऊन आलास.

ती पहिली. आता अशा चौदा वह्या कपाटात आहेत.

तू वडिलांच्या मेंढरांमागं फिरताना काठीनं चिंध्यांचा चेंडू मारत हॉकी शिकलास. पुढं फुलंब्रीत मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलंस, गुडघ्यानं दगा दिला तसं खेळणं सोडलंस, पण रविवार सोडला नाहीस. सकाळच्या गाडीनं शहरात यायचास, उस्मानपुऱ्यात आमच्याकडं चहा घ्यायचास आणि मला मैदानावर न्यायचास. पावसाळ्यात मला धरणावर थांबावं लागायचं, तेव्हा तू मैदानावरून फोन करायचास. "दाजी, गोल!" मी विचारायचो, कितव्या मिनिटाला? तू क्षणभर थांबायचास आणि म्हणायचास, "एकोणतीस." मी लिहून घ्यायचो. असं तीन पावसाळे चाललं. मग एकदा माझ्या लक्षात आलं की तुझ्या हातात कधी घड्याळच नसतं, आणि मैदानावरचं घड्याळ तर वर्षानुवर्षं बंद. विचारल्यावर तू म्हणालास, "तुमाला आकडा पायजे व्हता. म्या दिला." त्या तीन वर्षांतली मिनिटं खोटी आहेत. मी ती खोडली नाहीत. कुणाच्याही आकड्यांच्या बाबतीत मी असं दुसऱ्यांदा केलेलं नाही, हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

मग पाच वर्षांपूर्वी शहरातली आठ मोहल्ल्यांची लीग सुरू झाली. टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. आपल्याकडं कुणाच्याच खिशात काही नसल्यामुळं पाळी लावायचं ठरलं. प्रत्येक संघानं नऊ जण ठेवायचे, बाकीचे सगळ्यांसाठी मोकळे. गेल्या वर्षी जो शेवटचा, त्याला पहिली पाळी. दोन संघांना पटलं तर खेळाडू देऊन दुसऱ्याची पाळी घेता येते. लोक या सगळ्याला ड्राफ्ट म्हणतात. उस्मानपुऱ्याच्या संघाची निवड आपल्या दोघांवर सोपवली, कारण दुसऱ्या कुणाला रविवारची सकाळ मोकळी नव्हती.

आपण भांडून भांडून एक पद्धत बसवली होती. दोघांनी वेगवेगळ्या याद्या करायच्या. मग माझी यादी तू वाचायची, तुझी मी. आणि नाव ठेवायच्या आधी दुसऱ्याच्या प्रत्येक नावाबद्दल दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. ही अट आक्कानं घातली होती, कारण पहिल्या वर्षी आपल्या आवाजानं खालचे जोशीकाका वर आले होते. तू माझी यादी वाचताना दोन चांगल्या गोष्टी कशा सांगायचास! "ह्या पोराचं अक्षर चांगलं आसंल. आन् आईबापाला मान देत आसंल. आता बोलू का?"

यंदा आपण आठवे आलो, तेव्हा पहिली पाळी आपली. यादीत तीन नावं महत्त्वाची. छावणीत राहणारा अर्शद, पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा, चेंडू काठीनं ओढत गोलात भिरकावणारा. तुझ्या फुलंब्रीचा करण, फॉरवर्ड, पळायला वारा. आणि डॅनियल, गोलरक्षक. माझा हिशोब सरळ होता. गेल्या हंगामात आपल्याला सव्वीस पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि त्यांतून गोल झाले दोन. अर्शद त्याच्या जुन्या संघाकडून चारात एक घालायचा. तेवढ्यानंही आपले चार गोल वाढले असते, आणि आपण तीन सामने एकेका गोलानं हरलो होतो. तू म्हणायचास, कॉर्नर मारणारा आणाल, पण कॉर्नर मिळवून देणारा कुठाय? गेल्या वर्षी ज्यानं सव्वीसातले पंधरा मिळवून दिले तो तर नोकरीसाठी पुण्याला गेला. करण नसेल तर तुमचा अर्शद नुसता उभा राहील. यात तथ्य होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

म्हणून मी अदलाबदलीची कल्पना काढली. तुला ती आपल्या फिरोजच्या विरोधातली वाटली. ती करणसाठी होती. शहागंजच्या संघाकडं तिसरी पाळी होती आणि त्यांना डावी बाजू राखायला फिरोजसारखा अनुभवी लेफ्ट हाफ पाहिजे होता. आपण फिरोज द्यायचा, त्यांची तिसरी पाळी घ्यायची. पहिल्या पाळीला अर्शद घेऊ. दुसरी पाळी छावणीची, त्यांना गोलरक्षक नाही, ते डॅनियल घेतील. तिसऱ्याला करण आपला. तुझंही नाव आलं, माझंही आलं. मी या आखणीवर खूश होतो.

तू शनिवारी आलास. मी वही उघडून दाखवली. फिरोज चौतीस वर्षांचा. त्यानं प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू दोन वर्षांत निम्म्यावर आलेले. तू वहीकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"दाजी, ढाण्या वाघ हाये म्हणून त्या रानात कुणी शिरंना. आन् तुमी इचारता वाघानं औंदा किती मारले?"

"म्हणजे काय?"

"म्हंजी त्याच्या अंगावर कुणी जातच नाय. मग तो हिसकावणार काय, कप्पाळ?"

"हे दिसतं कशावरून?"

"दिसतं! डोळ्यानं दिसतं. तुमची मान खाली, वहीत. बघा की जरा वर!"

"आणि छावणीवाले डॅनियल घेतील, मग करण..."

"छावणीवाल्यांनी तुमाला सांगितलंय व्हय, कोण घेणार ते? फिरोज देऊन मला करण नको. पाच वर्सं त्यानं आपलं कुंपण राखलं. म्हाताऱ्या बैलागत बाजारात उभा करू नका त्याला."

मला राग आला. मी म्हणालो, तू दुकानात जळालेली मोटार तारेचे वेढे मोजून भरतोस की डोळ्यानं अंदाजे? तूही चिडलास. मग एकदम माझ्याकडं बघून विचारलंस, "दाजी, तुमी शेख सरांसंगं बोलले तर नाय ना आधीच?"

मी म्हणालो, नाही.

सोपान, मी बोललो होतो. गुरुवारीच. शहागंजच्या संघाचं सगळं शेख सर बघतात हे तुला ठाऊकच आहे. मी ऑफिसातून परत येताना त्यांच्या दुकानात गेलो आणि फिरोज तुमचा, तिसरी पाळी आमची, असा शब्द देऊन आलो. मला वाटलं होतं की आकडे बघितल्यावर तू मान्य करशील, म्हणजे आधी काय अन् नंतर काय. दोघांनी मिळून ठरवायचं, हा नियम मी एकट्यानं मोडला आणि तू सरळ विचारलंस तेव्हा खोटं बोललो. चपला घालताना म्हणालास, "बरं. उद्या रविवारी यादी वाचू." तो रविवार आलाच नाही. तुझ्या दुकानात शेतकऱ्यांच्या मोटारींची गर्दी होती, म्हणून तू आला नाहीस. आणि मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर उघडता उघडता तू खाली बसलास.

मी तेव्हा ऑफिसात पातळ्या लिहीत होतो. फोन आला, ऐकला, आणि हातातला आकडा पुरा लिहिला. दशांशापर्यंत. मग उठलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो आकडा बरोबर होता, नंतर तपासला.

दहाव्यापर्यंत मला काही सुचलं नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मग हा अस्वस्थपणा सुरू झाला. बुधवारी रजा टाकून मी गेल्या हंगामाची वही काढली. तुझं बोलणं तपासायचं ठरवलं. फिरोजनं किती चेंडू हिसकावले ते एका पानावर होतं. समोरचा संघ आपल्या गोलापुढच्या डीमध्ये कुठल्या बाजूनं शिरला ते दुसऱ्या पानावर होतं. दोन्ही मीच लिहिलेलं. ती पानं शेजारी ठेवून मी आजवर कधी पाहिलीच नव्हती. सात सामन्यांत फिरोज होता त्या बाजूनं समोरचे नऊ वेळा आत आले. दुसऱ्या बाजूनं एकतीस वेळा.

नऊ आणि एकतीस. मी तीन वेळा मोजलं. तू बरोबर होतास. मी जे घडलं ते मोजत होतो, आणि फिरोजचं काम न घडण्यात होतं.

आता तू खूश होऊ नकोस. त्या नऊपैकी सात वेळा ते शेवटच्या पंधरा मिनिटांत आले. म्हणजे तो दमतो, हे माझंही खरं. पण हे भांडण पुढं न्यायला समोर कोणी नव्हतं आणि शब्द तर गेलेला. घरात मला बसवेना. गुरुवारी संध्याकाळी मी शहागंजला गेलो.

शेख सर दुकानात गिऱ्हाइकाला बूट दाखवत होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, "सोपानभाई जैसा चिल्लानेवाला अब मैदान में नहीं आएगा." मग मी सगळं सांगितलं. सोपानला न विचारता शब्द दिला होता, त्याला फिरोज द्यायचा नव्हता, आकडेही त्याच्या बाजूचे निघाले, मला शब्द परत पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी दिलेला शब्द परत मागत होतो, सोपान. माझे कान तापले होते.

त्यांनी हातातल्या बुटाची लेस ओवून पुरी केली. मग म्हणाले, "साहेब, कोई और होता तो मैं नक्को बोलता. मेरी पूरी लिस्ट फिरोज पे खडी है. पण मयत के घर से भांडण नहीं करते. घ्या तुमचा शब्द." आणि मी उठलो तेव्हा म्हणाले, "फिरोजला तुम्हीच सांगा. त्याला मी आधीच बोललो होतो, हमारे पास आ रहा तू."

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे फिरोजला कळलेलं होतं. तुला सोडून सगळ्यांना कळलेलं होतं.

शुक्रवारी मी फिरोजच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. जाताना मला जरा बरं वाटत होतं, ते कबूल करतो. तुझ्यासाठी काहीतरी करून दाखवलं, असं. मी त्याला म्हणालो, फिरोज, तू कुठंही जात नाहीस. सोपानची इच्छा होती, तू उस्मानपुऱ्याकडूनच खेळायचं.

तो काच पुसत होता. पुसतच राहिला.

"साहेब, बुरा मत मानो," तो म्हणाला. "एक बोलू का?"

"बोल की."

"माझा धाकटा भाऊ शहागंजच्या गोलात उभा राहतो, मालूम है ना? लहानपणापासून आम्ही समोरासमोर खेळलो. एकदाही एका बाजूनं नाय. माझा घुटना अजून एक सीझन चालंल, लई झालं तर. वाटलं होतं, तो गोलमें, मैं उसके सामने. एक सीझन. बस."

"मग तू बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुम्ही दोघं हर रविवारी मैदानावर माझ्यावरून भांडत होते. सोपानभाई बोले वाघ है, तुम्ही बोले बुढ्ढा हुआ. मला वाटलं, दोघांपैकी एक तर विचारेल." मग तो थोडा हसला. "शेख सर बोले तेव्हा मी घरी मिठाई नेली होती."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यानं पाणी आणून दिलं. सोपान, मी तिथं बसून तुझ्यावर चिडलो. माझ्यावर तर चिडलोच. पण तूही! मी पाच वर्षांचे आकडे काढले, तू त्याचे पाय बघितलेस, खांदे बघितलेस, त्याला वाघ म्हणालास, बैल म्हणालास, कुंपण म्हणालास. तोंड असलेला माणूस आहे हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही यादीत नव्हतं. तू दर रविवारी त्याच्याबरोबर चहा प्यायचास. एकदा तरी म्हणायचंस, काय रे फिरोज, तुझ्या मनात काय आहे? तू नाही विचारलंस, मी नाही विचारलं. माझा खोटेपणा तेवढा वेगळा, तो माझा एकट्याचा. ही चूक मात्र अर्धी तुझी आहे आणि तू गेलास म्हणून ती मी तुझ्या नावावरून काढणार नाही.

शनिवारी पुन्हा शेख सरांकडं. या वेळी त्यांनी खुर्ची दिली नाही. मी म्हणालो, सर, फिरोज तुमचा. पहिलं ठरलं होतं तसंच. त्यांनी गल्ल्यावरच्या पोऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, धरणाची पातळी तरी एकदाच लिहिता ना? का सकाळी भरलं, दुपारी रिकामं?" मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे भरले तसे ते खुर्चीवरचे बूट काढायला लागले.

घरी येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. तुझ्याशी खोटं बोललो तेही. मला वाटलं होतं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती लसूण सोलत होती. सोलणं थांबवून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगायचं होतं." एवढंच. आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मी रात्रीचं जेवण कसं केलं ते आठवत नाही. ते वाक्य मात्र तेव्हापासून घरभर माझ्याबरोबर फिरतंय, आणि आज तिनं वही पुढ्यात का ठेवली ते आता तुला कळलं असेल.

तर सांगतो. तू विचारलं होतंस, शेख सरांशी आधीच बोललात का. होय, बोललो होतो. दोन दिवस आधी. तुला न विचारता.

आता ड्राफ्टचं.

पुढचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या पाळीला छावणीवाल्यांनी डॅनियल घेतला नाही. त्यांनी करण घेतला. माझी सगळी आखणी तिथंच कोसळली. तू म्हणाला होतास तसंच. तिसऱ्या पाळीला आपल्याकडं डॅनियल आला, जो आपल्या दोघांपैकी कुणाचीच पहिली पसंती नव्हता, आणि तो चांगला निघेल असं मला वाटतंय. फिरोज शेख सरांच्या टेबलाजवळ भावाच्या शेजारी बसला होता. लेफ्ट हाफला आता आपल्याकडं कोणी नाही. ती बाजू उघडी आहे. पुढच्या महिन्यात सामने सुरू झाले की मोजेन, आणि नऊचे किती होतात ते बघेन.

राहिली पहिली पाळी. अर्शद की करण. शनिवारी संध्याकाळपासून मला सगळ्यांनी एकच सांगितलं. फिरोज म्हणाला, सोपानभाई का बच्चा लेना, करण को. तुझा पुतण्या म्हणाला, काकाची शेवटची इच्छा. आपल्या संघाचा कॅप्टनही म्हणाला, साहेब, करणच घेऊ, सोपानदादांच्या नावानं. आणि मला घ्यायचाही होता. तुझी यादी माझ्याकडं नव्हती, पण पहिलं नाव काय असणार ते मला माहीत होतं. मी रविवारी पहाटेच उठून करणच्या नावापुढं दोन चांगल्या गोष्टी लिहिल्या. दोन कशाला, सात झाल्या. मग अर्शदच्या नावापुढं लिहिल्या. मग दोघांचे दोष. करणचं पळणं तू म्हणतोस तसं आहेच, पण त्याला मी दोनदाच पाहिलंय आणि दोन्ही वेळा शेवटी तो एकटाच चेंडू घेऊन गेला, पास दिला नाही. अर्शदला अकरा वेळा पाहिलंय. तू असतास तर म्हणाला असतास, करण पास कुणाला देणार, तुमच्या सव्वीसात दोनवाल्यांना? आणि मी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि कदाचित तू मला पटवलंही असतंस. पाच वर्षांत दोनदा पटवलंयस.

पण तू गेलास म्हणून तुझं नाव घ्यायचं, हे मला जमेना. तू जिवंत असताना तुझं म्हणणं पटलं नाही तर मी तोंडावर नाही म्हणत होतो. आता दया म्हणून होकार दिला असता, तर तुझ्याशी मी दुसऱ्यांदा खोटं बोललो असतो.

सभागृहात आठ टेबलं होती. आपल्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. दुसरी कुणी उचलली नाही, मीही कुणाला दिली नाही. सगळ्यांनी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मग पुकारलं, "पहिली पाळी, उस्मानपुरा."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, अर्शद.

मागं कुजबुज झाली आणि थांबली. लिहिणाऱ्यानं पेन टेकवलं. "अर्शद. नक्की ना, साहेब? लिहू?"

"एक मिनिट थांबा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, मी नाव बदलतोय. मला बदलायचं नव्हतं. पाच वर्षांत मी घेतलेल्या एकाही नावाला असा पटकन होकार मिळाला नव्हता. अगदी ज्यावर आपलं एकमत असायचं त्या नावालाही तू उगाच खोट काढायचास. मी उभा होतो आणि वाट बघत होतो. पंखे फिरत होते. कॅप्टन काही बोलला नाही, फिरोज बोलला नाही, शेख सरांनी मान खाली घातली.

एक मिनिट पुरं झालं. कुणीही हरकत घेतली नाही.

"लिहा," मी म्हणालो.